मोठ्या खंडानंतर पुन्हा खोगिरावर : कोल्हापुरातल्या परतीच्या स्वारांसाठी

नव्यानं शिकणारा माणूस घोड्याजवळ जाताना बिचकतो आणि सांगितलेलं निमूट ऐकतो. मधे पंधरा-वीस वर्षं गेलेला जुना स्वार तसं करत नाही. लगाम हातात आला की त्याची बोटं आपोआप बरोबर जागी जातात, पाय रिकिबीत सरकतो, आणि सगळं तसंच आहे असं त्याला वाटू लागतं. तोल सांभाळायची सवय खरोखरच बरीचशी शिल्लक असते. पण कंबर खुर्चीत बसून आखडलेली असते, दम कमी झालेला असतो आणि हाडं पूर्वीसारखी लवचीक नसतात. मन दौडीला तयार आणि शरीर अजून साध्या चालीलाही तयार नाही, या फरकात बहुतेक अपघात होतात.

आपल्याकडं यात आणखी एक भर पडते. तालमीच्या या गावात अंगात जोर असला की काम भागतं, असं आपण धरून चालतो. त्यातच तीस-चाळीस वर्षांपूर्वी शिकलेल्या अनेकांना "गुडघे आवळा, छाती पुढं" असंच शिकवलं गेलं होतं. म्हणून परत येणारा कोल्हापुरी स्वार सगळ्यात आधी मांड्या आवळतो. त्यानं नेमकं उलटं होतं. गुडघा आवळला की तो खिळीसारखा अडतो, खालचा पाय मागं झुलतो, टाच वर येते आणि घोड्याच्या प्रत्येक पावलाला बूड खोगिरावरून वर ढकललं जातं. घोड्यालाही पाठीवर दाब जाणवतो आणि तो एक तर पळतो किंवा पाठ ताठ करतो. परतीचा सगळा अभ्यास म्हणजे हा जोर सोडायला शिकणं आहे. पुढचं सगळं त्याच हिशेबानं लिहिलं आहे.

घोड्याआधी शरीर

खोगिरावर बसण्याआधी दीड-दोन महिने तयारीला द्या. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा की मी घोड्यावर बसणार आहे, पडण्याची शक्यता आहे, चालेल का. "हलका व्यायाम करू का" असं विचारलंत तर उत्तरही तसंच मोघम मिळेल. मणक्याची गादी सरकलेली असणं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणं, पाळी थांबल्यानंतर हाडांची घनता कमी झालेली असणं, चक्कर किंवा फिटचा त्रास असणं, हे आधी बोलून घ्यायचे विषय आहेत. धनुर्वाताच्या इंजेक्शनला दहा वर्षं झाली असतील तर तेही घ्या. घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत त्याचे जंतू असतात.

व्यायामात चार गोष्टी लागतात. पहिली, कंबरेचे आणि जांघेचे सांधे मोकळे होणं : बद्धकोनासन, मलासन, आणि एक गुडघा जमिनीला टेकवून दुसरा पाय पुढं ठेवून मांडीच्या पुढचा भाग ताणणं. दुसरी, पोटऱ्या लांब होणं : जिन्याच्या पायरीवर चवड्यावर उभं राहून टाचा हळूहळू खाली सोडायच्या, कारण रिकिबीत टाच नेमकी याच स्थितीत राहते. तिसरी, पोट आणि पाठ यांचा आधार, त्यासाठी फळीसारखं कोपरांवर तोलून राहणं पुरेसं आहे. चौथी, एका पायावर उभं राहणं, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. बैठका मारायची सवय असेल तर दम आणि मांड्यांसाठी त्या उत्तमच, पण बैठका झाल्यावर जांघ ताणल्याशिवाय उठू नका. आखडलेल्या दणकट मांड्या खोगिरावर सगळ्यात जास्त आवळतात.

रंकाळ्याभोवती रोज झपझप चालता येत असेल आणि चालता चालता न धापता बोलता येत असेल, तर पहिल्या तासापुरता दम तुमच्याकडं आहे.

कुणाकडं जायचं

जाहिरात बघून ठिकाण ठरवू नका. घोड्यांना नाल ठोकणारा नालबंद आणि घोडे तपासणारा पशुवैद्य यांना विचारा. कुणाचे घोडे नीट ठेवलेले असतात हे या दोघांना बरोबर माहीत असतं. मग न कळवता सकाळी लवकर एक चक्कर मारा. ठाणाखालची जागा कोरडी आहे का, स्वच्छ पाणी समोर आहे का, बरगड्या उठून दिसतात का, पाठीवर आणि तंगाच्या, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळायच्या पट्ट्याच्या, जागी जखमा किंवा पांढरे पडलेले केस आहेत का, ते बघा. असे पांढरे केस म्हणजे न बसणाऱ्या खोगिरानं पूर्वी झालेली इजा असते. घोड्याजवळ गेल्यावर तो कान पाडून तोंड फिरवतो की कुतूहलानं पुढं येतो, हेही बघा. घोड्यांची ग्लँडर्ससाठी रक्ततपासणी झाली आहे का, हा प्रश्न बिनदिक्कत विचारा, कारण तो रोग माणसालाही होतो.

शिकवणाऱ्या माणसाची एक सोपी परीक्षा आहे. "मी पूर्वी दौडवायचे" असं सांगितल्यावर जो लगेच घोडा सोडून देतो, तिथून निघा. जो म्हणतो "असू दे, आधी चालवून दाखवा," तिथं थांबा. पहिले काही तास लंजवर, म्हणजे शिकवणाऱ्याच्या हातातल्या लांब दोरीच्या टोकाला गोल फिरत व्हायला हवेत. लंज म्हणजे लहान मुलांचं काम, असं काही जुन्या स्वारांना वाटतं आणि ते नाराज होतात. पण घोडा दुसऱ्याच्या ताब्यात असल्याशिवाय तुम्हाला स्वतःच्या कंबरेकडं लक्षच देता येत नाही.

कोणता घोडा

वरातीचा घोडा नको. त्याला बँडच्या तालावर नाचायला शिकवलेलं असतं आणि त्याच्या तोंडात बऱ्याचदा कडक कडियाळं, म्हणजे लगामाचं लोखंड, असतं. लगाम जरा ताणला की तो जागच्या जागी उसळतो. शर्यतीच्या गाडीला जुंपलेला घोडाही नको, कारण आरडाओरडा झाला की सुटायचं एवढंच त्याला माहीत. रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे अनेक क्लबांत येतात. त्यातले काही सोन्यासारखे शांत होतात, पण नव्यानं शिकवून वर्ष-दोन वर्षं न झालेला थरोब्रेड परतीच्या स्वाराला देऊ नये. दहा-बारा वर्षांपुढचा, आळशीपणाकडं झुकणारा, मुलांना बसवून सरावलेला घोडा मागा. महाबळेश्वरला वेण्णा तलावावर फिरवतात तसा मोतद्दारानं, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या माणसानं, धरलेला घोडा आणि स्वतः चालवायचा घोडा यांत फार फरक असतो. तिथं दोन चकरा मारल्या म्हणजे हात बसला असं समजू नका.

वजनाचा हिशेब लाज न बाळगता करा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपुढं जाऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. पंधराच्या आसपास असेल तर घोड्याला आणखी बरं. काटा नसला तरी फितीनं अंदाज येतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणायचा आणि ११,८८० नं भागायचं. घेर १६५ आणि लांबी १५५ असेल तर घोडा साधारण ३५५ किलोचा. त्याचे वीस टक्के ७१ किलो. खोगीर-सामान ८ ते १० किलो धरलं तर तुमच्यासाठी उरले साठ-बासष्ट. आपल्याकडचे अनेक देशी घोडे याच बांध्याचे असतात, म्हणून ऐंशी-पंच्याऐंशी किलोच्या माणसानं मोठ्या हाडाचा, साडेचारशे-पाचशे किलोचा घोडा मागावा. तो नसेल तर आधी वजन उतरवावं. घोडा तक्रार करत नाही, त्याची पाठ मात्र दुखते.

अंगावर काय घालायचं

पैसे खर्च करायचे तर हेल्मेटवर करा, बाकी सगळं मागून आलं तरी चालेल. घोडेस्वारीचंच हेल्मेट हवं. त्यावर एएसटीएम एफ११६३, ईएन १३८४ किंवा व्हीजी१ यांपैकी एखादं मानक लिहिलेलं असतं. मोटारसायकलचं हेल्मेट जड असतं, कान झाकतं आणि मान ओढतं. क्रिकेटचं तर वेगळ्याच माराचा विचार करून बनवलेलं असतं. माळ्यावर ठेवलेलं जुनं हेल्मेट वापरू नका. आतला फोम वयानं आणि उन्हानं कडक होतो, म्हणून पाचेक वर्षांनी ते बदलतात आणि एकदा जोरात आपटलं तर लगेच.

बुटाला दीड-दोन सेंटिमीटरची टाच आणि गुळगुळीत तळवा हवा, म्हणजे पडताना पाय रिकिबीत आरपार जाऊन अडकत नाही. खाचांच्या जाड तळव्याचे ट्रेकिंगचे बूट म्हणूनच धोक्याचे. रिकीब बुटापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर रुंद असावी. आपल्याकडं लहान मुलांच्या रिकिबी मोठ्यांना सर्रास दिल्या जातात, तेव्हा बसण्याआधी बूट घालून बघाच. पँट ताणली जाणारी असावी आणि मांडीच्या आतल्या बाजूला जाड शिवण नसावी. बायकांनी चांगल्या आधाराची स्पोर्ट्स ब्रा घालावी. दुडकीत, म्हणजे चाल आणि दौड यांच्या मधल्या उसळत्या धावेत, तिची गरज हेल्मेटच्या खालोखाल जाणवते.

पहिला महिना

पहिल्या दिवशी बसलाच नाहीत तरी चालेल. खरारा करा, खुरांतली माती काढा, घोडा हाताशी धरून चालवा, थांबवा, मागं सरकवा. हे करताना घोडा तुम्हाला ढकलत असेल तर पाठीवर बसल्यावरही तो ऐकणार नाही. पैलवान हात मिळवताना समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते ओळखतो, तसं घोड्याचं वजन कुठं आहे हे जमिनीवरून बघायची सवय लावा. पुढं खोगिरावर तेच अंगाला कळायला लागतं.

चढण्याआधी तंग स्वतःच्या हातानं तपासा. बऱ्याच घोड्यांना खोगीर घालताना पोट फुगवायची सवय असते, म्हणून थोडं चालवून पुन्हा आवळा आणि बसल्यावर तिसऱ्यांदा बघा. रिकिबीची लांबी जमिनीवरूनच जमवता येते : बोटांची टोकं पट्ट्याच्या बकलावर ठेवली की रिकिबीचा तळ काखेपर्यंत यायला हवा. ओट्यावरून किंवा पायरीवरून चढा. जमिनीवरून ओढून चढण्यात मर्दुमकी नाही, घोड्याचा मणका पिळवटतो आणि खोगीर सरकतं. डाव्या हातात लगाम आणि थोडी अयाळ धरा, डावा पाय रिकिबीत घाला पण बुटाचं टोक त्याच्या पोटात खुपसू नका, उजवा पाय पुठ्ठ्याला न लागता पलीकडं न्या आणि हलकेच टेका. धपकन बसलं की तास सुरू होण्याआधीच घोड्याची पाठ आखडते.

आता चाल. चालीत चार ठोके असतात, चारही पाय वेगवेगळे पडतात, आणि प्रत्येक मागच्या पायाबरोबर तुमच्या कुल्ल्याची एक बाजू किंचित खाली जाते. ती जाऊ द्या. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत. कोपर, मनगट आणि घोड्याचं तोंड दुसऱ्या रेषेत. लंजवर असाल तेव्हा रिकिबी सोडून द्या, पाय लांब लोंबू द्या, हात बाजूला पसरा, थोडा वेळ डोळे मिटा आणि आत्ता कुठला मागचा पाय पडला ते मोठ्यानं सांगा. शिकवणारा बरोबर की चूक ते सांगेल. दहातले आठ बरोबर यायला लागले की कंबर सुटली.

मग थांबणं. लगाम न ओढता थांबायचा सराव करा : श्वास पूर्ण सोडा, कंबरेची हालचाल थांबवा, पोट किंचित आत घ्या. शिकलेला घोडा एवढ्यावर थांबतो. नाही थांबला तर बोटं मिटून लगामाला हलका दाब द्या आणि थांबताक्षणी बोटं सैल सोडा. ही सैल सोडण्याची क्रियाच घोड्याला शिकवते. सतत ताणून धरलेला लगाम त्याला काहीच सांगत नाही.

वीस-तीस मिनिटं पुरेत, आठवड्यातून दोनदा. आठवड्यातून एकदाच बसलं तर दर वेळी अंग नव्यानं दुखतं आणि पुढं काही सरकत नाही. मांडीच्या आतले स्नायू दोन-तीन दिवस दुखणं ठीक आहे. पाठीतून पायाकडं जाणारी कळ, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आला तर बसणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. तासाआधी हलकं खा, मिसळ रपेटीनंतर. घोड्यानं चंदी (दाणा) खाऊन तासभर झाल्याशिवाय त्याच्यावरही बसू नये, भरल्या पोटी कामानं पोटशूळ उठू शकतो.

दुडकी

खरी परीक्षा इथं असते. दुडकीत दोनच ठोके असतात, एक पुढचा आणि त्याच्या तिरक्या बाजूचा मागचा असे दोन पाय एकदम पडतात, आणि प्रत्येक ठोक्याला घोड्याची पाठ तुम्हाला वर उडवते. हा उसळा वापरून एका ठोक्याला उठायचं आणि दुसऱ्याला बसायचं. उठणं म्हणजे रिकिबीवर जोर देऊन उभं राहणं नव्हे. घोडा उडवतो, तुम्ही फक्त कंबर पुढं जाऊ द्यायची, आणि वर जाताना गुडघा खाली सांडल्यासारखा सैल सोडायचा. रिंगणाच्या बाहेरच्या बाजूचा पुढचा खांदा पुढं गेला की उठा आणि मागं आला की बसा. आधी खाली बघून जुळवा, नंतर न बघता.

उठताना लगामाचा आधार घेतला जातो, हा सार्वत्रिक दोष. त्यावर उपाय म्हणून घोड्याच्या गळ्यात एक पट्टा बांधून घ्या आणि करंगळी त्यात अडकवा, म्हणजे तोल गेला तरी घोड्याचं तोंड ओढलं जाणार नाही. धाप लागली की लगेच चालीवर या, कारण दमलेला माणूस श्वास रोखतो आणि श्वास रोखला की आवळतो. मोठ्यानं अंक मोजत राहिलं की श्वास आपोआप चालू राहतो. न उठता बसून दुडकी करायची घाई करू नका, त्यात कंबर तयार नसेल तर दोघांच्याही मणक्यांना मार बसतो.

सलग पाच मिनिटं, दोन्ही दिशांना, लगामाला न लटकता दुडकी जमली की दौड सुरू करा. दौडीचे तीन ठोके असतात आणि खरं सांगायचं तर ती दुडकीपेक्षा सोपी असते. कोपऱ्यावर, आतली टाच तंगाजवळ आणि बाहेरची थोडी मागं ठेवून इशारा द्यायचा. रिंगणाच्या आतला पुढचा पाय पुढं पडतोय ना ते शिकवणाऱ्याला बघायला सांगायचं. सुरुवातीला एका बाजूपुरती, मग चाल. पुढं वाकू नका. पुढं वाकलेला स्वार घोड्याला "पळ" असंच सांगत असतो.

भीती आणि पडणं

मोठेपणी भीती वाटते, कारण आता मागं घर असतं, नोकरी असते, मोडलेला हात किती महिने घेतो हे माहीत असतं. ही भीती खरी माहिती देते, तिला दाबू नका. शिकवणाऱ्याला तासाआधी सांगा : आज दुडकी नको, किंवा आज कोपरा क्रमांक तीनजवळ जायचं नाही. घोडा तुमचा आखडलेला श्वास ओळखतो, त्याच्यापासून लपवता येत नाही.

बिचकलेला घोडा सुटलाच तर दोन्ही हातांनी सतत ओढू नका. खोल बसा, ओढा-सोडा करा आणि एका बाजूला वळवत मोठं वर्तुळ घ्या, मग लहान. उभ्या घोड्यावरून आणि नंतर चालीवर तातडीनं उतरायचा सराव करून ठेवा : दोन्ही पाय रिकिबीतून आधी काढायचे, हात मानेवर, पाय मागून फिरवून दोन्ही पायांवर वाकलेल्या गुडघ्यांनी उतरायचं. लगाम हाताला कधीही गुंडाळू नका. पडताना हात पुढं टेकवले तर मनगट आणि हंसळीचं हाड मोडतं. अंग गोल करून लोळण घ्या आणि लगाम सोडा. डोकं आपटलं असेल तर बरं वाटत असलं तरी त्या दिवशी पुन्हा बसायचं नाही. उलटी, गोंधळ, डोकेदुखी किंवा झोप येत राहणं दिसलं तर थेट रुग्णालय. "पडलास तर लगेच पुन्हा बस" हा जुना सल्ला डोक्याच्या माराला लागू नाही.

बाहेर, पाणंदीवर

बंद मैदानात तिन्ही चाली शांतपणे जमल्यावरच बाहेर पडा, तेही एका अनुभवी स्वाराबरोबर, त्याच्या घोड्यामागं एक घोड्याची लांबी मोकळी ठेवून. आपल्याकडं हिवाळ्यात हवा उत्तम आणि नेमका तेव्हाच गळीत हंगाम. दोन ट्रॉल्या ओढणारा, मोठ्यानं गाणी लावलेला उसाचा ट्रॅक्टर अरुंद रस्त्यावर समोर आला तर सरावलेला घोडाही बिथरतो. म्हणून डांबरी रस्ता टाळून पाणंद निवडा, आणि ट्रॅक्टर दिसताच लांबूनच शेताच्या तोंडाशी वळून त्याच्याकडं तोंड करून उभे राहा. घोड्याला जे दिसतं त्यापेक्षा मागून येणाऱ्याचं भय जास्त. दोन्हीकडं उभा ऊस असेल तर आतून कुत्रं, रानडुक्कर किंवा मोर एकदम निघतो. तिथं चालच बरी. डांबरावर नाल घसरतात आणि दुडकीनं पायांच्या सांध्यांना हादरे बसतात.

एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठच्या आत परत या. जून ते सप्टेंबर काळ्या मातीत खूर रुततात, नाल उपसून निघतात आणि ओल्या खुरांना कुजण्याचा रोग लागतो. छपराखाली जागा नसेल तर पावसाळा जमिनीवरच्या सरावाला द्या. पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या पायथ्याच्या चढावर जाल तेव्हा चढताना किंचित पुढं झुकून अयाळ धरा, उतरताना सरळ बसा आणि घोड्याला मान लांब करू द्या.

परतल्यावर शेवटची दहा मिनिटं लगाम सैल सोडून चालवा, तंग ढिला करा, पाणी दाखवा, घाम धुवा, खुरं तपासा. हे मोतद्दारावर सोपवून निघून जाणारे स्वार खूप आहेत. पण पाय सुजला आहे का, तंगाखाली सोललं आहे का, हे त्याच वेळी हाताला लागतं.

स्वतःचा घोडा घ्यावा का

निदान वर्षभर तरी नाही. अर्धवेळ भागीदारीवर घोडा मिळत असेल तर तो घ्या : आठवड्यातले ठरलेले दिवस तुमचे आणि त्या दिवसांचा खर्चही तुमचा. त्यात घोडा पाळणं म्हणजे काय ते पूर्ण कळतं. घोडा रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण खातो, दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद लागतो, जंतनाशक आणि धनुर्वाताची लस लागते, दात घासावे लागतात, आणि तुम्ही आजारी असलात तरी त्याला रोज बाहेर काढावं लागतं.

तरीही घ्यायचाच ठरला तर विकणाऱ्याचा नसलेला पशुवैद्य आणा, डोळे, दात, खूर आणि श्वास तपासून घ्या, कडक जमिनीवर सरळ दुडकीत पळवून लंगडतो का ते बघा. आधी विकणाऱ्याला त्यावर बसायला सांगा, मग तुमच्या शिकवणाऱ्याला, मग तुम्ही. दुसऱ्यांदा जाताना वेळ न कळवता जा, म्हणजे घोडा आधीच दमवून ठेवलेला आहे का ते दिसेल. आणि जमलं तर त्याला घ्यायच्या आधी ऐन गळीत हंगामात एकदा रस्त्याकडेला धरून उभे राहा.